दादाचे वीस आढावे

गुरुवार, १२ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक, तिकडे तुम्हीही बरे असाल. तुझ्या आईचा गुडघा काय म्हणतो? बाबांना माझा नमस्कार सांग. ठकीचा पुढचा दुसरा दात पडला का, की अजून जिभेने त्याला झोके देत बसली आहे?

पत्र बघून तुला वाटेल, बारकीला झालंय तरी काय. चोवीस तास फोनला चिकटलेली बाई कागद-पेन घेऊन बसली. खरं सांगायचं तर फोनवर तू नुसतं "बोल गं" म्हणालीस की माझ्या तोंडून खोटं बाहेर पडतं. चार महिने हेच चाललंय. कागदावर तुझा आवाज येत नाही, म्हणून कागद.

आधी इकडच्या बातम्या. (दादा म्हणायचा ना, बारकीला समोरच्या दुकानात जायचं असलं तरी ती गावाला वळसा घालून जाते.) ऑफिस दुसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर हलवलं. आता सगळ्यांना खिडकी आहे आणि सगळे पडदे लावून बसतात. दादाची खुर्ची मी वर आणवून घेतली, तीच, डावा हात खुळखुळणारी. हलवायला आलेला माणूस म्हणाला, "मॅडम, ही टाकून द्यायची ना?" मी त्याच्याकडे असं बघितलं की बिचाऱ्याने ती दोन जिने उचलून आणली. शेजारच्या रिटायर्ड मास्तरांचं मांजर हल्ली माझ्याकडे जेवतं आणि त्यांच्याकडे झोपतं. मोठ्या साहेबांनी चष्मा बदलला, स्वभाव नाही.

तू एकदा आम्हा दोघांना विचारलं होतंस, तुम्ही दिवसभर करता तरी काय, ट्रक तर कुठे दिसत नाहीत. तेव्हा दादाने नुसते हात हलवले आणि मी हसले. आज नीट सांगते. ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि पुढचं तुला कळायलाच हवं.

आमची कंपनी गार माल पोचवते. लशी, दूध, फुलं, असलं काहीतरी जे अर्धा तास उन्हात राहिलं की संपलं. प्रत्येक ट्रकमधला थंडपणा दर मिनिटाला कुठेतरी नोंदवला जातो, त्यावरून गाड्या कुठून वळवायच्या ते ठरतं. ही मोजदाद करणारे कॉम्प्युटर आमच्या ऑफिसात नाहीत. ते तीन मोठ्या कंपन्यांकडून भाड्याने घेतलेत. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या दालनांत ते बसलेत, आम्ही इथून त्यांना हाकतो. दादाने त्या तिघींची नावं ठेवली होती: थोरली, मधली आणि धाकटी. थोरलीकडे ट्रक आणि थंडी. मधलीकडे माणसं, पगार, खोल्यांची बुकिंग. धाकटीकडे मेल आणि मीटिंगा. "थोरली कडक, मधली खर्चिक, धाकटी गोड पण विसराळू," असं तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचा. मोठ्या साहेबांसमोरसुद्धा आम्ही हीच नावं घ्यायचो, आणि तेही घ्यायला लागले होते.

तिघी का, तर एक रुसली तर घर बंद पडू नये म्हणून. तुला आठवेल, तीन वर्षांपूर्वी दादा एका लग्नातून जेवण अर्धवट टाकून उठला होता आणि तू आठवडाभर त्याच्याशी धड बोलली नव्हतीस. त्या दिवशी थोरली चार तास बंद पडली होती. चाळीस ट्रक लशी घेऊन रस्त्यावर होते. दादाने सगळं काम मधलीकडे वळवलं आणि एकही लस वाया गेली नाही. मी त्याच्या शेजारी बसून नुसती हो-हो करत होते. तेव्हा मला वाटलं होतं, आपल्याला हे आयुष्यभर करायचंय, आणि याच्याशेजारी बसून करायचंय.

ठकीने त्याला विचारलं होतं, "बाबा, तू ऑफिसात काय करतोस?" तो म्हणाला, "उंटावरून शेळ्या हाकतो." तिने लगेच विचारलं, "उंटाचं नाव काय?" झालं. तिथून शिंकोबा सुरू झाला. वाळूने शिंका येतात म्हणून वाळवंट सोडून नोकरी शोधत फिरणारा उंट. दर वेळी नोकरी लागायची आणि एका शिंकेत जायची. हे तुला मी काय सांगतेय, तू तर रोज रात्री दाराआडून ऐकायचीस.

आता दादाचा एक नियम. तीन ठिकाणी सामान पसरलं की कुणाचं काय ते कळेनासं होतं. माणसं काहीतरी बनवतात, सोडून जातात, ते तिथेच पडून राहतं. म्हणून प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावायची: कोणाची, कशासाठी, कुठवर ठेवायची. चिठ्ठी नसेल तर नव्वद दिवस वाट बघायची आणि काढून टाकायची. "ज्याला चिठ्ठी नाही त्याला वाली नाही," असं त्याने मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलं होतं. लोक त्याच्यावर चिडायचे. त्याने एकदा खुद्द मोठ्या साहेबांच्या सहलीचे फोटो काढून टाकले होते. साहेब दोन दिवस फुगून होते, दादा मात्र हसत होता. ऑफिसच्या जागेत घरचं सामान नको, हे त्याचं म्हणणं.

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी त्याच्या घशाचं कळलं. डॉक्टर म्हणाले, दहा आठवडे औषधांनी बघू, नाहीतर ऑपरेशन, आणि ऑपरेशन झालं की आवाज जाणार. तुम्ही घरी हे ठकीपासून लपवलं, तो ऑफिसात सगळ्यांपासून. फक्त मला सांगितलं. त्याच आठवड्यात त्याने दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी एक ते दोन तळमजल्यावरची छोटी मीटिंग रूम अडवायला सुरुवात केली. कॅलेंडरवर नाव काय, तर "आढावा". आम्ही जेवायला बसायचो, तो डबा घेऊन तिकडे जायचा. मी एकदा काचेतून बघितलं, खोलीत तो एकटा, समोर स्क्रीन, आणि तोंड चालू. मला वाटलं कुणा ग्राहकाशी बोलतोय. परत आल्यावर मी चिडवलं, "एवढं कसलं आढाव्याचं वेड लागलं तुला?" तो म्हणाला, "काम संपवतोय."

आमच्याकडे मीटिंग सुरू झाली की ती आपोआप रेकॉर्ड होते आणि धाकटीकडे जाऊन बसते, ज्याने मीटिंग बोलावली त्याच्या अकाउंटमध्ये. म्हणजे दादाचा आवाज तिथे साठत होता. घरी का नाही केलं हे, असं तू मला विचारलं होतंस. घर दोन खोल्यांचं, ठकीचे कान सशाचे, आणि तू समोर असताना त्याला ते बोलता आलं नसतं. मला असं वाटतं. मला खात्रीने काहीच माहीत नाही, वहिनी. त्याने मला विचारलंच नाही, सांगितलंही नाही. त्याच्याच नियमाविरुद्ध तो घरचं सामान ऑफिसच्या जागेत ठेवत होता. चिठ्ठीवाल्या वस्तूंची यादी दर महिन्याला साहेबांपुढे जाते, चिठ्ठी लावली असती तर तिच्यात दादाचं नाव गेलं असतं. मग बिनचिठ्ठीचंच ठेवलं त्याने.

डिसेंबरच्या पाच तारखेला त्याचा शेवटचा दिवस होता. ऑपरेशन आठवर होतं. त्याची खुर्ची मला दिली हे तुला माहीत आहे. तू त्या दिवशी मला फोन करून म्हणालीस, "घरातच राहिली गं खुर्ची," आणि मी रडले होते. पण त्याच दिवशी दुपारी काय झालं ते मी तुला कधी सांगितलं नाही. कुणालाच नाही. एवढं लांबचं वळण घेत आले ते याचसाठी, आणि आता मला ते लिहवत नाहीये.

लिहिते.

निरोपाचा चहा झाला होता. सगळे उभे होते, मोठे साहेबही. दादाच्या जागेवर माझा पहिला दिवस, आणि लोक बघत होते की ही भावाच्या जोरावर बसली की हिच्यात काही आहे. महिन्याहून लांब रजेवर जाणाऱ्याचं अकाउंट त्याच दिवशी बंद करायचं, हा नियम मी स्वतः बनवून आदल्या आठवड्यात मंजूर करून घेतला होता. चोरीमारीच्या भीतीने. मी हसत म्हटलं, "चला, पहिला मान दादाचा. पाच वाजता अकाउंट बंद." दादा म्हणाला, त्याचा आवाज तेव्हा आधीच खरखरीत झाला होता, "आठवडाभर राहू दे गं. जरा आवरायचंय."

आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "नियम म्हणजे नियम. उद्या तूच म्हणशील, बहिणीला खुर्ची दिली आणि तिने पहिल्याच दिवशी भावाची सोय बघितली."

सगळे हसले. साहेब म्हणाले, "बघा, गुरूची विद्या गुरूला." दादाही हसला. त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि "शाबास" म्हणाला. मग आपल्या जागेवर जाऊन बसला. पाचला दहा मिनिटं कमी असताना मी बघितलं तर तो स्क्रीनकडे बघत होता, माऊसवर हातही नव्हता. मला तेव्हा वाटलं, जुन्या दिवसांची आठवण येत असेल. पाच वाजता मी बटण दाबलं. त्याची स्क्रीन पांढरी झाली. त्याने डबा पिशवीत टाकला आणि तुझ्यासाठी खाली थांबला.

एक आठवडा मागत होता तो. एका दुपारीत झालं असतं, मी दिला असता तर. घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं असतं त्याने, आणि आज ठकी ऐकत बसली असती. मी कारणही विचारलं नाही. बाजूला घेऊन एक वाक्य, "का रे, काय आवरायचंय?" एवढंही नाही. मला लोकांपुढे ताठ दिसायचं होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ती मी.

आता पुढचं भरभर लिहिते, नाहीतर पुन्हा वळसा घालीन.

अकाउंट बंद झालं की त्यातल्या चिठ्ठीवाल्या वस्तू नव्या माणसाकडे येतात, म्हणजे माझ्याकडे आल्या. बिनचिठ्ठीच्या एका ढिगात जातात. नव्वद दिवसांनी ढिगाची यादी येते, कुणीतरी बघून हो म्हणायचं, मग त्या जातात. नऊ मार्चला सकाळी अकरा वाजता यादी माझ्यासमोर आली. सहाशे बारा वस्तू. त्यात वीस वेळा "आढावा", प्रत्येकात हजर माणसं: एक. मी ते वाचलं, वहिनी. न बघता केलं असं मी तुला सांगू शकले असते, पण मी वाचलं. आणि शेजारच्या मुलीला म्हटलं, "बघ, दादा एकटाच स्वतःचा आढावा घेत होता." ती हसली. मीही हसले. मग "सगळे निवडा" दाबलं आणि "हो" दाबलं.

आणखी एक गोष्ट मला सांगायलाच हवी, कारण तू मला पुन्हा पुन्हा विचारतेस, तुमच्याकडे तर सगळ्याच्या दोन-दोन प्रती असतात ना. असतात. ती व्यवस्था मीच केली आणि तिच्यासाठी माझं कौतुक झालं. धाकटीकडे जे असेल त्याची नक्कल पाव तासात थोरलीकडे उभी राहते. एकीकडे भर पडली की दुसरीकडे पडते. एकीकडून गेलं की दुसरीकडूनही जातं. अकरा वाजून चार मिनिटांनी मी धाकटीकडून काढलं, अकरा एकोणीसला माझ्याच व्यवस्थेने थोरलीकडूनही निमूट काढून टाकलं. वेगळी, न बदलणारी तिसरी प्रत आम्ही ठेवतो, पण ती फक्त चिठ्ठीवाल्या वस्तूंची.

मार्चमध्ये दादा जिवंत होता. घरी होता, खुर्चीत बसून ठकीच्या पाटीवर लिहून बोलत होता. त्या सात महिन्यांत मी तुमच्याकडे किती वेळा आले ते तुला माहीत आहे. चार वेळा. तू कधी बोलली नाहीस, म्हणून मीच बोलते. मी कामाचं सांगायचे. काम होतं, पण एवढं नव्हतं. तो बोलायचा थांबला होता आणि मला त्याच्यासमोर बसवत नव्हतं. एप्रिलमध्ये आले तेव्हा त्याने पाटीवर लिहिलं, "एक काम आहे तुझ्याकडे." तेवढ्यात माझा फोन वाजला. मी गॅलरीत गेले, वीस मिनिटं बोलले, परत आले तर तो झोपला होता. पाटी पुसलेली होती. मी चपला घालून निघाले. तेव्हाही ती रेकॉर्डिंग जाऊन महिना होत आला होता, पण काढलेलं धाकटी महिनाभर राखून ठेवते, म्हणजे आणखी दोन दिवस ती परत मागता आली असती. हे दोन दिवस मी नंतर मोजले.

जुलैत, जायच्या तीन दिवस आधी, त्याने तुला लिहून दाखवलं, "ठकीच्या गोष्टी ऑफिसात आहेत. शेवटसुद्धा. बारकी काढून देईल." तू ते मला तेराव्या दिवशी सांगितलंस. किती हलक्या आवाजात सांगितलंस, जणू काही ठेवणीतलं काढून देत होतीस. मी म्हटलं, "देते की." मला तेव्हा खरंच वाटलं होतं, देता येईल.

दुसऱ्या दिवशी शोधायला बसले. धाकटीकडे नाही, थोरलीकडे नाही. चार दिवस मला वाटत होतं, कुणीतरी गाढवाने चूक केली आहे, सापडू दे, त्याची कातडी लोळवते. आमच्याकडे एक नोंदवही असते, कोणी कधी काय केलं ते तिच्यात आपोआप लिहिलं जातं आणि कुणालाही खोडता येत नाही. पाचव्या दिवशी तिच्यात ती ओळ सापडली. तारीख, वेळ, वीस वस्तू, आणि पुढे माझं नाव.

तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "शोधतेय, गोदाम मोठं आहे." मग म्हटलं, "धागा लागलाय." मग म्हटलं, "परवानगी हवी, साहेब बाहेरगावी आहेत." साहेब समोर बसले होते. तू प्रत्येक वेळी म्हणालीस, "सावकाश कर, कुठे जातंय." ठकीने एका छोट्या पेनड्राइव्हवर उंटाचं चित्र चिकटवून पाठवलं, वर लिहिलं, "आत्या, यात भर." ते माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी तो खण उघडत नाही, स्टेपलर शेजारणीचा वापरते.

धाकटीवाल्यांना मी अकरा पत्रं लिहिली. त्यांच्याकडची एक बाई फार चांगली होती, तिने वरच्यांना विचारलं, त्यांनी त्यांच्या वरच्यांना. शेवटी उत्तर आलं की काहीही शिल्लक नाही, आणि खाली विचारलं होतं की आमच्या सेवेला किती तारे द्याल. मी पाच दिले. तिचा काय दोष?

आता एक लाजिरवाणी गोष्ट. आमच्याकडे ट्रकचं वेळापत्रक बघणारा एक जण आहे, तो दादाची हुबेहूब नक्कल करायचा, दादासमोरसुद्धा. सप्टेंबरात मी त्याला जेवणाच्या सुट्टीत त्याच खोलीत बोलावलं. शिंकोबाची शेवटची गोष्ट मी स्वतः लिहून नेली होती. म्हटलं, दादासारखं वाचून दाखव. त्याने कारण विचारलं नाही. दादा बोलायच्या आधी घसा साफ करायचा ना, दोनदा, ते त्याने केलं. तेवढंच. मी त्याला म्हटलं, जा. तो बाहेर गेला आणि मी टेबलावर डोकं ठेवून तुला शिव्या दिल्या, ठकीला दिल्या, दादाला दिल्या. त्याला सर्वांत जास्त. एक शब्द बोलला असतास तर, मेल्या. चारचौघांत नव्हतं बोलायचं तर जिन्यात बोलायचंस.

मग कळलं की मी जिन्याने आलेच नव्हते त्या दिवशी. मी साहेबांबरोबर लिफ्टने गेले.

हे सगळं आजच का लिहितेय, तर परवा काहीतरी सापडलं. आवाज नाही, आधीच सांगते, आशा करू नकोस. ऑफिस हलवल्यामुळे तळमजल्यावरच्या खोल्या बंद करायच्या होत्या. खोल्यांची बुकिंग मधलीकडे असतात, तिथे मी कधी शोधलंच नव्हतं. त्या छोट्या खोलीचं जुनं कॅलेंडर उघडलं. प्रत्येक "आढाव्या"खाली दादाने एक ओळ लिहिली होती. आणि दारावरच्या छोट्या स्क्रीनवर "झालं" दाबलं की खोली किती वेळ वापरली ते तिथे नोंदतं, म्हणून मिनिटंही आहेत.

पहिल्या अठरा ओळी ठकीच्या आहेत. सगळ्या वेगळ्या कागदावर उतरवून सोबत जोडल्या आहेत. "शिंकोबा शिंप्याकडे नोकरीला," बारा मिनिटं. "शिंकोबा पिठाच्या गिरणीत (अरे देवा)," चौदा मिनिटं, हा कंस त्याचाच. "शिंकोबा दवाखान्यात, पण इंजेक्शन नाही." अकराव्या गोष्टीचं नाव आहे, "शिंकोबाचा आवाज बसतो आणि तरी सगळ्यांना कळतं." अठरावी, म्हणजे शेवटची: "शिंकोबा शिंकतो आणि कोणी त्याला काढून टाकत नाही." नऊ मिनिटं. त्या नऊ मिनिटांत काय होतं, कुठली नोकरी, कुणी ठेवून घेतलं त्याला, ते मला माहीत नाही. आता कुणालाच माहीत नाही.

एकोणिसावी तुझी आहे. ओळ अशी, "हिच्यासाठी. एकटी असताना." चार मिनिटं. आकडा बघून वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्याशी तो शेवटच्या दिवसापर्यंत बोलत होता, पाटीवर का होईना. तुझ्याशी बोलायचं त्याचं फारसं उरलेलं नसणार. तरी ती चार मिनिटं तुझी होती आणि ती मी घालवली. यासाठी माफ कर असं मी म्हणणार नाही. तो शब्द मी चार महिने तोंडात घोळवला, या कामाला तो पुरत नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने मी तिकडे येतेय. ठकीला तू काही सांगू नकोस. सांगायचं काम माझं आहे. गोष्ट हरवली, मशीन बिघडलं, असलं काही मी तिला सांगणार नाही. तुझ्या बाबाने शेवट सांगून ठेवला होता आणि तो आत्याने पुसला, असंच सांगणार. ती रडेल, मला मारेल, मारू दे. तिने विचारलं की आत्या, का पुसलास, तर मी काय उत्तर देणार आहे ते मला अजून सुचलेलं नाही. रविवारपर्यंत सुचेल असंही वाटत नाही. तुला मला दारात बघवलं नाही तर दार लावून घे. मी खालच्या बाकावर बसेन, ठकीला तेवढी खाली पाठव.

विसावी ओळ मी त्या कागदावर उतरवलेली नाही. ती पाच डिसेंबरची आहे. निरोपाच्या चहाच्या आधी, दुपारी एक वाजता तो त्या खोलीत गेला होता. ओळ एका शब्दाची आहे, "बारकी". एकतीस मिनिटं.

ठकीच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा लांब. एकतीस मिनिटं तो माझ्याशी बोलला, बसलेल्या घशाने, आणि तिथून उठून माझ्याकडे आला आणि म्हणाला, आठवडाभर राहू दे गं.

पत्राखाली नेहमी "तुझी" लिहून मग नाव लिहायची सवय आहे. आज त्या शब्दाची जागा मोकळी सोडली आहे. तुला वाटेल तेव्हा तू भर, नाही वाटलं तर तशीच राहू दे.

                    ………… बारकी